गुरुजींच्या घराला मी काढलेली खिडकी

माझा धंदा जुन्या पोत्यांचा. बाजारात त्याला बारदान म्हणतात. पोतं घेताना ते दोन्ही हातांनी उजेडात धरायचं, भोक दिसलं की त्यात बोट घालायचं आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे नुसतं बघत राहायचं. आपण बोलायचं नाही. थोड्या वेळानं तोच बोलतो आणि खालच्या भावाचं बोलतो. या एका बोटाच्या जोरावर मी शिरोळकडच्या खेड्यातून येऊन कोल्हापुरात उभा राहिलो. त्याच बोटानं माझं घर घालवलं असं बायको म्हणते. मी म्हणतो, गुरुजींनी घालवलं. हा वाद अजून मिटलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. तेव्हा आम्ही लक्ष्मीपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत पोती आणि आतल्या खोलीत आम्ही. खिडकी एकच, तीही पोत्यांमागे गेलेली. तागाची कूस, म्हणजे बारीक तंतू, घरभर उडायची. आमटीत सुतळीचा धागा सापडला नाही असा दिवस आठवत नाही. नवरात्रात बायको कपाटाच्या कोपऱ्यात घट बसवायची आणि दर वर्षी म्हणायची, "देवीला तरी उजेड दावा की हो." बारा वर्षं मी "पुढच्या वर्षी" म्हणालो. तेराव्या वर्षी तिनं विचारणंच सोडलं, तेव्हा मी घर बघायला लागलो.

घर राजारामपुरीच्या मागच्या बाजूला सापडलं. चार खोल्यांचं बैठं, वर स्लॅब, मागे जरा मोकळी जागा. मालक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. मुलगा पुण्याला, त्याच्याकडे जाऊन राहायचं म्हणून घर विकायला काढलेलं. गुरुजी गरीब स्वभावाचे. काकू अबोल, सदा स्वयंपाकघरात. सात खेपा घातल्या, सात कप चहा प्यायलो, आणि गणपती उठायच्या आधी भाव ठरला. इसाराचं पाकीट मी गुरुजींच्या हातात ठेवलं, काकूंनी साखर दिली.

साठेखत मात्र लगेच करता येईना, कारण पुढे पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे कोणी नवा झाडूसुद्धा घेत नाही, घराचे कागद कुठले करणार? ठरलं की घटस्थापनेच्या सकाळी साठेखत करायचं, गुरुजींनी किल्ली द्यायची आणि त्याच दिवशी बायकोनं नव्या घरात घट बसवायचा. ती त्याच संध्याकाळपासून भांडी बांधायला लागली. बांधायला माझीच पोती.

आता शहाण्या माणसानं काय करावं? पंधरा दिवस गप्प बसावं. पण भाव ठरला म्हणून माझं बोट थांबत नाही. मोकळा वेळ मिळाला तसा मी रोज सकाळी स्कूटर काढून गुरुजींच्या दारात.

"गुरुजी, भाव ठरला तो ठरला. पण माल धड द्यायचा का न्हाय?"

"म्हणजे काय म्हणता, पावणं?"

"ह्यो मागचा दरवाजा बघा. उचलून लाथ घातल्याबिगर लागत न्हाय."

"पावसात फुगतो तो."

"मग पाऊस मी घेतलाय का इकत?"

गुरुजींनी एक वही आणली आणि लाल शाईनं लिहिलं: एक, मागचा दरवाजा. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत बादलीभर पाणी ओतून दाखवलं. पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी उंबऱ्याकडे निघालं. दोन, न्हाणीचा उतार. तिसऱ्या दिवशी स्लॅबवर चढलो. तीन, गळती. गुरुजी निमूट लिहून घ्यायचे, जणू मीच त्यांची परीक्षा घेतोय. त्यांना गवंडी मिळेना, तर माझा गवंडी मीच पाठवला. हा माणूस महाग पण पक्का, आणि माझ्या धाकात. सुतारही माझाच. पैसे गुरुजींचे आणि घर आपलं होणार, या हिशेबात मी स्वतः उभा राहून काम करून घेत होतो. एकदा तर स्लॅबवर सिमेंटचा थर नीट बसतोय का हे बघायला चप्पल काढून अनवाणी फिरलो. काम झालं की गुरुजी वहीत बरोबरची खूण करायचे आणि खाली तारीख घालून सही.

सहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात शिरलो. दिवसा दिवा लागलेला.

"गुरुजी, हितं पोत्यात डोकं घातल्यागत वाटतंय. बाई माणसानं सैपाक करायचा कसा? पूर्वेच्या भिंतीला खिडकी पायजे."

चुलीजवळ बसलेल्या काकूंनी मान वर केली. त्या माझ्याकडे बघताहेत असं पहिल्यांदाच झालं. मला वाटलं, रागावल्या.

"खिडकी म्हणजे भिंत फोडायची," गुरुजी पुटपुटले. "ते काही दुरुस्तीत येत नाही."

"येतंय. अंधार म्हंजे खोटच की."

वहीत चार नंबरला खिडकी आली. गवंड्यानं चार दिवसांत भिंत फोडून चौकट बसवली. लोखंडी गज मी स्वतः निवडले, बायकोला आवडतील असे नक्षीचे. पलीकडे शेजाऱ्यांचं शेवग्याचं झाड होतं. सकाळचं ऊन त्याच्या पानांतून गाळून थेट ओट्यावर यायचं. मी मनातल्या मनात त्या ओट्यापुढे बायकोला उभं करून बघितलं आणि घरी जाऊन तिला सांगितलं, "खिडकी अशी काढलीया, की बघतच ऱ्हाशील." ती हसली. मग नळावरच्या सगळ्या बायकांना सांगून आली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गुरुजींनी बोलावणं धाडलं. गेलो तर काकूंनी मला स्वयंपाकघरातच पाट दिला, खिडकीपाशी, आणि पुढे शिऱ्याची बशी. मी सावध झालो. विकणारा गोड खायला घालतो तेव्हा भाव चढणार हे मला धंद्यानं शिकवलंय. शिरा खाता खाता मी मनात आकडे जुळवले. हे इतकं वाढवणार, मी इतक्यावर आणणार. पूर्ण तयारीत होतो.

गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "पावणं, घर विकायचं रद्द केलंय."

"बरं. किती वाढवायचं म्हणतासा?"

"भावाचा प्रश्नच नाही."

"गुरुजी, असं कुठं असतंय? आकडा बोला."

"आकडा नाही हो. हिला जायचं नाही."

काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या वर्षाची त्यांची सगळी वाक्यं त्यांनी तेव्हाच वापरली. "बावीस वर्षं मी ह्यांच्याकडे ही खिडकी मागत होते. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. तुम्ही चार दिवसांत काढून दिलीत. दरवाजा एका हातानं लागतो. न्हाणीत पाय घसरत नाही. आता कुठं घर राहण्यासारखं झालं, आणि आता मी पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊ?"

मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून भाव वाढवला. मग अजून वाढवला. गुरुजी मान हलवत राहिले. ज्याला भावच नको अशा माणसाशी कसं भांडायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेजारपाजार दारात जमला. मी म्हणालो, "ह्या माणसानं माझ्याकडनं घर नीट करून घेतलं आणि शब्द फिरवला!" तर पलीकडचे एक म्हातारबा म्हणाले, "पण काम झ्याक केलंसा बघा, पावणं. आमची बी मोरी जरा बघून जाता का?"

गुरुजींनी इसाराचं पाकीट परत दिलं, मी लावलेल्या रबरासकट. त्यावर एक शाल आणि नारळ. शाळेची सवय, दुसरं काय. माणसाला निरोप द्यायचा म्हणजे सत्कारच. मी पाकीट घेतलं, शाल त्यांच्या अंगणात टाकली. नारळ मात्र रागाच्या भरात काखेतच राहिला, तो घरी आल्यावर कळला.

बायको शेवटच्या पोत्याचं तोंड शिवत होती. सगळं सांगितलं. तिनं सुई बाजूला ठेवली, टाके उसवले आणि एकेक भांडं बाहेर काढून परत फळीवर लावायला लागली. भांड्यांना तागाची कूस चिकटलेली. प्रत्येक भांडं पदरानं पुसत होती. मी गुरुजींना शिव्या घालत खोलीत फेऱ्या मारत होतो, म्हणजे तीन पावलं जाऊन तीन पावलं येत होतो. शेवटचं भांडं पुसून ठेवल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईची खिडकी करायला किती दिस लागलं म्हणालासा?"

"चार."

"ही पोती आपल्या खिडकीम्होरनं हलवायला किती लागत्याल?"

दुसऱ्या दिवशी हमाल बोलावून पोती हलवली. मागची खिडकी बारा वर्षांनी उघडली, तिच्यातून समोरच्या गिरणीची भिंत दिसली. तिथंच तिनं घट बसवला, आणि मी काखेतून आणलेला नारळ त्यावर ठेवला. मी म्हणालो, तो नारळ गुरुजींचा आहे. ती म्हणाली, "देवीला म्हाईत न्हाय. तुमी सांगू नका."

मी वकील गाठला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साठेखत झालं?" नाही. "इसार परत मिळाला?" मिळाला. "मग कोर्टात दाखवणार काय?" मी म्हणालो, शाल दिली होती, पण ती मी टाकून आलो. वकील खोकल्याचं निमित्त करून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पुढचा पावसाळा मी वाट बघण्यात काढला. मुसळधार लागली की स्कूटरवर प्लॅस्टिक पांघरून राजारामपुरीत चक्कर टाकायची आणि गुरुजींच्या स्लॅबकडे बघायचं. थेंब नाही. भिंतीला ओलीचा डाग नाही. गवंडी माझाच, गळणार कसं? एका चकरेत काकूंनी त्या खिडकीतून मला बघितलं आणि हाक मारली, "भिजताय कशाला, चहाला या!" मी गेलो नाही. दुसऱ्या वेळी गेलो. थंडी फार होती.

दोन-तीन वर्षांनी उचगावला एक घर निघालं. बायको म्हणाली, "ह्या बारीला मी बोलणार. तुमी भाईर स्कूटरवर बसायचं." मी बसलो. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. ती आत जाऊन घरमालकिणीला म्हणाली, "घर लई चांगलं हाय तुमचं." मला घाम फुटला. पुढे म्हणाली, "ओटा केवढा मोठा हो. अन् उजेड तर बघा." मी स्कूटरचा हॉर्न वाजवला. तिनं बाहेर येऊन माझ्याकडे एकदा बघितलं, मी हात खाली घेतला. अर्ध्या तासात व्यवहार ठरला. घरमालकिणीनं आपणहून भाव थोडा कमी केला, वर माठ आणि पाटा ठेवून जाते म्हणाली. मी गेलो असतो तर अजून उतरवला असता, हे माझं मत आजही कायम आहे. बायको म्हणते, तुम्ही गेला असता तर त्या बाईनं नवीन फरशी बसवून घेतली असती आणि आपण लक्ष्मीपुरीतच राहिलो असतो.

त्या वर्षीचा घट उचगावला बसला. खिडकीखाली, उजेडात. बायको नऊ दिवस त्या खोलीतून हलली नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला गुरुजी आणि काकू आले. उचगावचा पत्ता त्यांना कुणी दिला ते मला ठाऊक आहे, ती तेव्हा दोघांना पाट मांडत होती. गुरुजींच्या हातात आपट्याची पानं आणि काखेत तीच शाल, धुऊन इस्त्री केलेली. परतीचा पाऊस लागलेला. बायकांची जोडी सरळ स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीशी उभी राहून काहीतरी बोलून हसायला लागली. मला शाल घ्यावी लागली.

"गुरुजी, तुमचं घर कसं हाय?"

"एक थेंब गळत नाही बघा," गुरुजी म्हणाले, आणि तेवढ्यात वर बघून थांबले. आमच्या स्लॅबमधून एक थेंब त्यांच्या चष्म्याच्या काचेवर पडला.

"पावणं, तो तुमचा गवंडी बोलवा की."

"बोलावलाय. त्याचा भाव जमना. महिनाभर बोलणं चाललंय."

बायको स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आली, बरोबर थेंबाखाली ठेवलं आणि गुरुजींचा पाट हातभर सरकवला. "गुरुजी," ती म्हणाली, "तुमची ती वही अजून हाय का? जरा लिवून घ्या."