गाडी आत आली, बाहेर गेली नाही

रशीदचाचा पिंजारी. गेल्या अक्षय तृतीयेला, भर दुपारी, आमच्या गल्लीनं त्यांना मारलं. मी 'मारलं' हाच शब्द वापरणार.

छातीत कळ आली, मुलीनं अँब्युलन्स बोलावली, ती वेळेत आलीसुद्धा. पण गल्लीच्या तोंडाशी हळदीचा मांडव होता... रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. शेवटी चाचांना त्यांनीच भरलेल्या गादीवर घालून चौघांनी उचललं. जेवणाच्या पंगतीतून वाट काढता काढता, निम्म्यात, चाचा गेले. सायरन बाहेर वाजतच होता.

आता पुढचं. मी अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी आहे. भूतबित कुणी बोललं तर तोंडावर हसते. अजूनही कुणी मला भगताकडे जा म्हणालं तर भांडेन. तरी हे लिहितेय, कारण मी तिथं उभी होते.

आमची कॉलनी साताऱ्यात, एमआयडीसीच्या अलीकडे. गल्लीला तोंड एकच. शेवटाला ओढ्याची भिंत. त्या भिंतीला लागून चाचांचं घर. तिथं आता हमीदाचाची आणि मुलगी राहतात.

गणपतीला मंडळानं पुन्हा पूर्ण रस्ता अडवला. एका बाजूनं गाडीपुरती वाट सोडा, म्हणून मी पत्रकं घेऊन गेले. अध्यक्ष विकीदादा खुर्चीवर बसूनच म्हणाला, "काय गं पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?"

"चाचा जाऊन चार महिनेबी झाले नाहीत, दादा."

"आगं, गणपती वर्षातनं एकदा येतो. अँब्युलन्स काय, कवाबी येती."

सगळे हसले. दादा तसा वाईट माणूस नाही. चाचांच्या गादीला खांदा देणाऱ्या चौघांत तो होता. म्हणून तर जास्त राग येतो.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी मंडपात पाककला स्पर्धा होती. बायका डबे मांडून बसलेल्या, माईक दादाच्या हातात. गल्लीच्या तोंडाला जनरेटरची ट्रॉली आडवी लावलेली. सायकलसुद्धा आत येणार नाही अशी.

आणि सायरन वाजला.

लांबून नाही... ट्रॉलीच्या अलीकडून. दादाच माईकवर म्हणाला, "सरका, सरका, गाडी येऊ द्या." बायका उठल्या. खुर्च्या दोन्हीकडं ओढल्या, मध्ये वाट झाली. सगळ्यांनी सवयीनं केलं. मग सगळ्यांनी वाटेकडं बघितलं.

वाटेत काहीच नव्हतं.

पण आवाज पुढं सरकत होता. माझ्यासमोरून गेला तेव्हा पोटऱ्यांना इंजिनाची गरम वाफ लागली, डिझेलचा वास आला. समोरच्या काकूंचा पदर उडाला, डब्यांची झाकणं थरथरली. आवाज भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. मग मागचं दार धाडकन उघडल्याचा आवाज... तो मी ऐकला. दादाच्या हातातल्या माईकनंसुद्धा ऐकला, स्पीकरमधून सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

हमीदाचाची उंबऱ्यात येऊन उभी राहिली. रिकाम्या रस्त्याकडं बघून म्हणाली, "आत्ता आली व्हय? लय उशीर केलास, बाबा."

एक बाई रडायला लागली. मी ट्रॉलीकडं पळाले. ती होती तिथंच, चाकाखालचे दगडसुद्धा हलले नव्हते.

हायवेचा आवाज घुमला असेल, असं नंतर दादा म्हणाला. हायवेचा आवाज पोटऱ्यांना भाजत नाही. त्या दिवशी आमच्या भागात गाडी पाठवली होती का, तेही मी दवाखान्यात विचारून आले. नव्हती.

मला रात्री जाग येते ती दुसऱ्याच गोष्टीनं. ती गाडी आत आली. परत जाताना कुणीच ऐकली नाही. भिंतीपाशी मोकळी जागा आहे, तरी आता तिथं कुणी स्कूटर लावत नाही. लावू नका, असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. चाचीनं घराच्या दाराची बंद असायची ती दुसरी फळीही उघडून ठेवलीय. मी विचारलं तर म्हणाली, "एका फळीतनं स्ट्रेचर जातंय का, पोरी?"

"कुणासाठी, चाची?"

ती उंबऱ्यातच टेकली. परवापासून तिला दम लागतोय. चार पावलं चालली की बसते.

आणि काल नवरात्राच्या मंडपाचे बांबू येऊन पडलेत. त्याच जागी, कडेपासून कडेपर्यंत. मी दादाला म्हटलं, "तू ऐकलंस ना?" तो मान खाली घालून म्हणाला, "ऐकलं गं. पण मंडळाचं ठरलंय."

काय आलं होतं, मला माहीत नाही. कुणी शहाण्यानं समजावलं तर ऐकायची तयारी आहे. आजवर कुणाला जमलेलं नाही. एवढंच कळतं, की खरी गाडी आत येऊ शकली नाही तर आत उभी असलेली चाचीला नेईल.

मी उद्या सकाळी त्या बांबूंवर जाऊन बसणार आहे. तुम्ही साताऱ्यात असाल तर या. नसाल, तर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काय आडवं लावलंय ते उठून बघा, आणि आज, उजेड आहे तोवर, बाजूला करा.