आठ माइक आणि एक रुमाल

ड्रमसेटला माइक लावायला मला दोन तास लागतात. वाजवणारे कंटाळतात, चहा मागतात, घड्याळ बघतात, पण मी कुणाचं ऐकत नाही. कासार आंबोलीत एका शेतकऱ्याचा जुना गोठा भाड्याने घेऊन मी स्टुडिओ थाटलाय. भिंतींना गोधड्या लावल्यात, कोपऱ्यांत पेंढ्याची पोती रचलीत. बाहेर गवत कापायचं मशीन सुरू झालं की मी धावत जाऊन मालकांच्या हातापाया पडतो. आवाज स्वच्छ हवा, ही माझी खोड. त्या दिवसापर्यंत मला ती खोड गुणच वाटत होती.

त्या दिवशी आलेला माझा ड्रमर दोस्त नांदे गावचा. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काढली, तो ड्रमवर आणि मी मिक्सरवर. गावात जमिनी विकल्या गेल्या तेव्हा भावकीने गाड्या घेतल्या. याने ड्रमसेट घेतला आणि वर्षभर घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. वाजवायला तो वडिलांकडे शिकला. वडील हलगी वाजवायचे आणि त्यांची शिकवणी सगळी तोंडी. ठेक्याचे बोल आधी म्हणायचे, जिभेवर पक्के बसले की मगच काडी हातात मिळायची. त्यामुळे ड्रम वाजवतानाही याचं तोंड चालूच असे. ऑर्केस्ट्रात गाणारे त्याच्यावर वैतागायचे, मीही वैतागायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी तो ड्रमसेट टेम्पोत घालून माझ्या दारात आला. आवाज बसलेला होता, पण तसा तो चारेक महिने बसलेलाच होता.

"घशाचं आपरेशन हाय पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. "त्याच्या आधी वडलांचे सगळे ठेके रेकॉर्ड करून ठिवू. पोरीला लागतील. तिला निम्मेच येत्यात अजून."

"होईल रे सगळं नीट," मी म्हणालो आणि सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. मला तेव्हा डोक्यावरच्या दोन माइकची काळजी होती. वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांमधल्या स्नेअर ड्रमच्या मध्यापासून ते दोन्ही सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर एकाच ठोक्याचा आवाज दोघांत मागेपुढे पोहोचतो आणि ठोका पातळ होतो. म्हणून मी सुतळीने मोजतो. कसलं ऑपरेशन, किती मोठं, हे मी विचारलंच नाही.

पायाने वाजवायच्या मोठ्या किक ड्रमच्या भोकात एक जाड माइक गेला. स्नेअरला वरून एक, खालून एक. टॉम म्हणजे वरच्या दोन ढोलक्यांना एकेक, कडेपासून दोन बोटं वर. हायहॅटच्या जोडझांजांना एक आणि डोक्यावरचे दोन, असे आठ झाले. तो स्टुलावर बसून बघत होता.

"एकच माइक म्होरं ठिवला तर न्हाई का चालणार?"

"एका माइकवर मोबाइलमध्ये होतं रेकॉर्डिंग. स्टुडिओत नाही होत."

"व्हय. इंजिनेर तू हायेस," तो हसला.

पहिला ठेका सुरेख वाजला. पण पलीकडच्या खोलीत माझ्या हेडफोनमध्ये, झांजांच्या वर, त्याचं घोगरं पुटपुटणं सतत येत होतं. वरचे माइक नाजूक, ते काही सोडत नाहीत. मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्याने ठेवलं, तर हात चुकला. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी चिडलो आणि तिन्ही टेक पुसून टाकले.

"पुसलं?" त्याने दारातून विचारलं.

"खराब टेक मी ठेवत नाही."

 तो परत जाऊन बसला. मी रेकॉर्डिंग चालू केलं, आत गेलो आणि खिशातला धुतलेला रुमाल घडी करून त्याला दिला. रुमाल दातात धरून त्याने वडिलांचे सगळे ठेके वाजवले, एकामागून एक, न चुकता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, पेंढ्याची धूळ असेल. मी खूश होतो. इतके स्वच्छ ड्रम माझ्या हातून आधी कधी झाले नव्हते.

ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं. दवाखान्यात वहिनींनी सांगितलं. आवाज जाणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

दोन महिन्यांनी मी पेन ड्राइव्ह घेऊन नांद्याला गेलो. तो आता मानेच्या भोकातून श्वास घेतो आणि पाटीवर लिहून बोलतो. स्पीकर लावला. त्याची मुलगी मांडी घालून ऐकत होती. तीन ठेके झाले आणि तिने मान वर केली.

"काका, बोल कुटं हायेत?"

वहिनी म्हणाल्या, "मोबाइलात त्यांचं बोलणं हाय की. पण ठेके म्हनताना कुनी कधी घेतलंच न्हाई. घरात रोजचंच ते, कोन घेणार?"

"हात बघून वाजवता येतं," मुलगी म्हणाली, "पण दम कुटं घ्यायचा ते बोलातच असतं."

त्याने पाटी ओढली आणि लिहिलं, "ड्रम चांगला आलाय."

घरी येताना मला त्याचाच राग आला. सरळ सांगायचं ना, बोल हवेत म्हणून! मग पौडच्या रस्त्याला लागल्यावर आठवलं, एकच माइक समोर ठेव म्हणाला होता, तो बोलांसाठीच. लाज वाटली. अजून वाटते.

पुसलेले टेक परत मिळवायला मी दोन माणसांकडे डिस्क नेली. त्या जागेवर पुढचे टेक चढले होते. मग मी आठही माइकचे आवाज वेगवेगळे उघडले आणि एकेक करून कान लावून ऐकले. रुमालाआडून नुसता श्वास येत होता.

शेवटी पहिल्या ठोक्याच्या आधी एक जागा सापडली. माझ्या चपलांचा आवाज येतो. मग मी म्हणतो, "हे दातात धर." तो त्या घोगऱ्या आवाजात विचारतो, "घट्ट?" मी म्हणतो, "घट्ट." त्यानंतर ठेका सुरू होतो.

त्याचा तो एक शब्द आठही माइकमध्ये आलाय, अगदी स्वच्छ. पोरीला तो ऐकवायची हिंमत मला अजून झालेली नाही.