गायके सरांचं यान

स्टाफरूममधे किस्से कधी साठतात, कळतच न्हाई. आमच्या घनसावंगीच्या शाळेत मराठीच्या गायके सरांनी अंतराळावर नाटक लिहिलं, आणि विज्ञानाची बाई म्हणून ते तपासायचं काम माझ्याकडं आलं. मंग काय विचारता!

पहिल्याच प्रवेशात कॅप्टन ओरडतो, "इंजिन बंद! यान थांबलं!"

मी म्हणलं, "सर, तिथं अडवायला हवा न्हाई. इंजिन बंद पडलं तरी यान पुढं जातच राहतं."

"आपली अंबडची बस अशी असती मॅडम, तर रोज वेळेवर आलो असतो!"

*

पुढं हिरो म्हणतो, "मी दहा प्रकाशवर्षं तुझी वाट पाहिली!"

"सर, प्रकाशवर्ष म्हणजे अंतर. वेळ न्हाई. दहा किलोमीटर वाट पाहिली म्हणल्यासारखं झालं हे."

"मंग बराबरच आहे की! जीपची वाट बघत माणूस तेवढं चालतोच!"

*

यानातून दुसऱ्या ताऱ्यावर फोन लावला, तर पलीकडून लगेच "हॅलो!"

मी समजावलं, "सगळ्यात जवळच्या ताऱ्यावर निरोप जायला चार वर्षं, उत्तर यायला चार वर्षं."

हेडसर चहा पीत ऐकून राह्यले होते. "म्हणजे उत्तर येतं तर! आपण नवीन वर्गखोल्या मागितल्या, त्याचं अजून न्हाई!"

*

चंद्रावर कॅप्टन हेल्मेट काढून गाणं म्हणतो. सर हट्टाला पेटले, "गाताना तोंड दिसायला नको?"

"दिसेल की. शेवटचंच!"

*

आता जालन्याच्या स्पर्धेचं ऐका. शेवटच्या प्रवेशात नववीतली कावेरी यानाबाहेर असताना तिचा दोर तुटतो, रेडिओ बंद पडतो आणि ती "वाचवा!" म्हणून किंचाळते. मी किंचाळणं काढून टाकलं. अंतराळात आवाज जात न्हाई, नुसते ओठ हलतील.

सर चिडले. "मुकं नाटक? लोक उठून जातील!"

"एक माणूस उठला तर जबाबदारी माझी," मी ठणकावलं.

स्पर्धेच्या दिवशी स्टेजवर दोर तुटला. कावेरी हातपाय मारून राह्यली, ओठ हलून राह्यले, आवाज बिलकुल न्हाई. सगळा हॉल चिडीचूप. माझी कॉलर ताठ!

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून हिरव्या लुगड्यातली एक बाई उठली. कावेरीची आई!

"आयकू आलं गं मला! दम धर, आले मी!"

ती तशीच स्टेजवर चढली आणि पोरीला छातीशी धरलं. सरांनी घाईघाईत पडदा पाडला. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. दोघांनाही वाटलं, संपलं सगळं.

संध्याकाळी परीक्षकांनी निकाल वाचला, "अभिनयाचं पहिलं बक्षीस, पृथ्वीचं काम करणाऱ्या बाईंना!"