मेलेला फोटो

महाडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारता मारता मी कॉम्प्युटर शिकले, त्यामुळे भाव करताना मी कुणाला सोडत नाही. इतक्या लोकांची नावं मी मोठ्या अक्षरांत छापली. आठवड्याने तेच फ्लेक्स कुणाच्या तरी लाकडांवर पावसासाठी टाकलेले दिसतात. माझं नाव कुठेच नसतं.

कापडे गावचा एकजण मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीत गावी येऊन शॉर्ट फिल्म बनवतो. त्याने आपल्या चुलत्यालाच घेऊन एक बनवली होती. म्हातारा भाताच्या बांधावर बसून असतो, बोलत काही नाही. पोस्टर हवं होतं.

"ताई, बजेट नाय आपल्याकडं."

"बजेट नको. खाली कोपऱ्यात 'पोस्टर' लिहून माझं नाव. दुकानाचं नाही, माझं. फिल्म जाईल तिथे."

"एवढंच? डन, ताई."

मी फोटोतला सगळा रंग काढला. उजवीकडे म्हाताऱ्याचा चेहरा, डावीकडे नुसता काळोख, खाली फिल्मच्या गावातल्या खेळाची तारीख. कोपऱ्यात बारीक अक्षरात मी. पहिल्यांदाच काहीतरी केल्यासारखं वाटलं. पोलादपूरच्या स्टँडवर एक लावलं, कापड्याच्या फाट्यावर एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याच्या दारात माणसं जमली. आमच्याकडे एवढा मोठा काळा-पांढरा चेहरा आणि खाली तारीख म्हणजे एकच: माणूस गेला, आणि त्या तारखेला तेरावं. ही सवय लोकांना लावली कुणी, तर आम्ही फ्लेक्सवाल्यांनीच. तुडीलहून बहीण रिक्षाने आली, ती रस्त्यापासूनच रडत. एमआयडीसीतला भाचा पाळी टाकून आला. म्हातारा अंगणात मशेरी लावत बसला होता.

"मेलो नाय मी! गप गो!" तो बहिणीवर ओरडला, तर ती आणखीच रडायला लागली.

पुतण्याचा फोन आला. "ताई, आत्ताच्या आत्ता उतरवा."

"उतरवते. लोकांना फिल्मचं पोस्टर कळत नाही तो माझा गुन्हा? आणि नवं करायचं तर मीच करणार, नावासकट!"

"हो, हो," तो म्हणाला.

पुढे पुण्याच्या एका महोत्सवात फिल्म लागली. पोस्टर माझ्या फोनवर आलं, गावातल्या कुणीतरी पुढे पाठवलेलं. तोच चेहरा, डावीकडे तोच काळोख, अक्षरंही माझीच. वरून फक्त पिवळट रंग चढवलेला. कोपऱ्यात मुंबईच्या कुणाचं तरी नाव.

मी फोन लावला.

"ताई, फायनल त्याने केलं ना. तुमचं ते... मयताचं झालं होतं."

पावशेर मिरचीसाठी मी बाजार डोक्यावर घेते. तेव्हा नुसतं "बरं," म्हटलं, फोन ठेवला आणि समोरच्या वाढदिवसाच्या फोटोतला चेहरा गोरा करत बसले. तेव्हापासून माझं हे असंच आहे. राग शोधायला गेलं तर सापडत नाही.

एका बाजाराच्या दिवशी म्हातारा स्वतःच दुकानात आला.

"पोरी, तो माझा मेलेला फोटो हाय का गो अजून?"

होता. मशीनमागे गुंडाळी करून ठेवला होता.

"पुतण्यानं घरात तो रंगीत लावलाय. कावीळ झाल्यासारखा दिसतो मी त्यात. ह्योच बरा. माळ्यावर ठेवतो, वेळेला उपयोगी पडंल."

"तारीख बदलावी लागेल."

"ती मी कशी सांगू आत्ता? तू बघ तेव्हा." तो वाकून बघू लागला. "कोपऱ्यात काय लिवलंय?"

"माझं नाव. कापून देते, मयताच्या बोर्डावर बरं दिसणार नाही."

मी कात्री घेतली. त्याने फ्लेक्सवर हात ठेवला.

"राहू दे की. कुणी काढला त्ये कळंल लोकांना."

मी सुतळी बांधून गुंडाळी त्याच्या हातात दिली. बरं वाटायला हवं होतं. तो काखेत घेऊन स्टँडकडे गेला. मागे मशीन चालू होतं, त्यातून कुणाचा तरी वाढदिवस हळूहळू बाहेर येत होता.