आभारवाले बंडप्पा एकदाच गप्प बसले

जळकोटात हायवेला लागून पाइप आणि पाणमोटारींचं दुकान आहे, त्याचे मालक बंडप्पा. पण आसपासच्या गावांत त्यांना कुणी मोटारवाले म्हणत नाही, आभारवाले म्हणतात. शाळेचं गॅदरिंग असो, बसवजयंती असो, नाहीतर सरपंचाच्या नातवाचा वाढदिवस, कार्यक्रमपत्रिकेची शेवटची ओळ ठरलेली: आभारप्रदर्शन, श्री. बंडप्पा. हा मान त्यांना कुणी दिला नव्हता बरं का. कधीतरी त्यांनी आपणहून माइक उचलला, आणि नंतर तो काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही, एवढंच.

आभार म्हणजे दोन मिनिटांचं काम, हे बंडप्पांनाही कळायचं. पण माइक हातात आला की सुरुवात मांडववाल्यापासून व्हायची. मग पाणी वाटणारे, मग वीज न घालवल्याबद्दल वायरमन, मग ऊन सोसणारे श्रोते, मग यायचं होतं पण येऊ न शकलेले श्रोते. तोवर पाहुणे गाडीत बसून निघालेले असायचे, बायका चपला शोधत असायच्या आणि मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागलेला असायचा. हे बंडप्पांना दिसत नव्हतं असं नाही. चांगलं दिसायचं. घरी जाऊन आरशासमोर शर्ट काढताना ते स्वतःलाच म्हणायचे, "बंड्या, लेका, आज पुन्हा तू खुर्च्यांचे आभार मानून आलास." आणि पुढच्या कार्यक्रमाला परत कडक इस्त्री करून हजर. आता अशा माणसाला काय म्हणावं!

या सवयीनं एकदा मोठा घात केला. त्यांची एकुलती लेक भुवनेश्वरी पुण्याला इंजिनिअर व्हायला गेली, इंजिनिअर झालीही, आणि मग नोकरी सोडून ड्रम वाजवायला लागली. बंडप्पांनी गावात याचा पत्ता लागू दिला नाही. कुणी विचारलं की "पुण्यात कंपनीत हाय" एवढंच सांगायचे. पोरगी ढोल बडवते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती. तरी गेल्या वर्षी तिचा कार्यक्रम बघायला गुपचूप पुण्याला गेले. जायला हरकत नव्हती. पण कार्यक्रम संपल्यावर कुणी आभार मानेना, तसे हे न बोलावता स्टेजवर चढले आणि माइक धरला. साउंडवाल्यानं शेवटी माइक बंद केला, तरी यांचं चालूच. पोरं हसून हसून लोळली, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं. भुवना तोंड लपवून मागच्या दारानं गेली आणि तेव्हापासून वडिलांशी बोलली नाही. तिचा फोन यायचा तो आईला, पार्वतम्मांना. बंडप्पा शेजारी बसून, पेपर वाचायचं सोंग करून, लेकीचा आवाज ऐकायचे.

अशात यंदा थंडीत बातमी आली. धाराशिवचं निजामाच्या काळातलं जुनं थेटर, नाटक कंपन्या उतरायच्या ते, डागडुजी करून पुन्हा उघडणार होतं आणि पहिला कार्यक्रम होता अमरनाथ नावाच्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा. त्याच्या आजोबांनी म्हणे याच थेटरात नाटकाला क्लॅरिनेट वाजवली होती. नातू मात्र जाझ नावाच्या अमेरिकन संगीताच्या नादाला लागलेला. अभंगालाही तो त्या वळणावर नेतो, असं पेपरात आलं होतं. आणि त्याच्याबरोबर ड्रमवर भुवनेश्वरी!

"अव्वा, अप्पांनाबी घेऊन ये," ती आईला फोनवर म्हणाली. बंडप्पांनी पेपर खाली ठेवला. "पण एक शब्द बोलायचा न्हाय म्हणावं. बोलले तर ह्यापुढं कधीच बोलवणार न्हाय."

पार्वतम्मांनी नवऱ्याला गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावून शपथ घातली. बंडप्पांनी घेतली. घेताना दोन शब्द बोलायची इच्छा झाली होती, ती दाबली.

थेटरात तिसऱ्या रांगेत दोघं बसले. लाकडी खुर्च्या तशाच ठेवलेल्या, बाल्कनीच्या कठड्याला नवा रंग. पार्वतम्मांनी बसल्याबसल्या नवऱ्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. थोड्या वेळानं थेटर कमिटीचे कृष्णराज लगबगीनं आले. "अण्णा, बरं झालं आलाव! शेवटी आभार तुमीच मानायचे. दुसरं कोण हाय आपल्याकडं?"

बंडप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. कृष्णराजांना ते खरंच वाटेना. "तब्येत बरी हाय न्हवं?" असं त्यांनी पार्वतम्मांनाच विचारलं.

पडदा वर गेला. भुवना मागच्या बाजूला, चकचकीत ड्रमांच्या मधोमध बसलेली. केस वर बांधलेले, अंगात साधा काळा सदरा. बंडप्पांनी हात वर करायला घेतला, पण शपथेत हात येतो की नाही हे ठरेना, म्हणून खाली घेतला. तिनं मात्र त्यांना पाहिलं होतं. अव्वाकडं बघून हसली आणि त्यांच्याकडं बघून फक्त मान हलवली. तेवढ्यावरही त्यांचं पोट भरलं.

संगीत सुरू झालं आणि बंडप्पा चक्रावले. ओळखीचा अभंग सुरू व्हायचा, अमरनाथ तो सरळ दोन ओळी न्यायचा आणि मग कुठल्या कुठं पसार व्हायचा. अधेमधेच लोक टाळ्या वाजवत होते. बंडप्पांना प्रत्येक वेळी वाटलं, संपलं. प्रत्येक वेळी ते अर्धे उठले आणि प्रत्येक वेळी शर्टाचं टोक ओढलं गेलं. "सुम्ने बसा वो," पार्वतम्मा पुटपुटल्या. गप्प बसा म्हणायचं झालं की त्यांच्या तोंडून कानडीच निघायचं.

बसले बिचारे. नुसते बसले नाहीत, हळूहळू मान डोलवायलाही लागले. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण लेकीचे हात दिसत होते ना! किती हलके पडत होते. हिनं कंपनी का सोडली, हे त्यांना पहिल्यांदाच थोडंसं कळलं आणि आपण गावात काय सांगत फिरलो याची लाज वाटली.

आणि मग ते घडलं. सगळे जोरात वाजवत असताना अमरनाथनं एकाएकी सॅक्सोफोन तोंडातून काढला, स्टँडवर ठेवला आणि सरळ विंगेत निघून गेला. त्याच्यामागं पियानोवाला उठला, तोही गेला. गिटारवाल्यानं तर जाताना बाटलीतलं पाणी प्यायलं. स्टेजवर भुवना एकटी राहिली. आणि ती वाजवतच होती.

बंडप्पा खुर्चीत पुढं सरकले. हे असं उठून जाणं त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? तुमचं चालू असतं आणि शेजारचा अध्यक्ष शाल काखेत मारून उतरतो, मग सचिव, मग हार घातलेले पाहुणे. तुम्ही थांबूही शकत नाही आणि पुढं बोलवतही नाही. अरे, आपलं ठीक आहे, आपण त्याच लायकीचे. पण पोरीनं काय केलंय? तिला तिच्या आईबापासमोर एकटीला टाकून जाता? माणसं आहात का कोण!

शर्टाचं टोक सुटलं, की फाटलं, त्यांना समजलं नाही. पार्वतम्मा "अवं, अवं" करेपर्यंत ते बाजूच्या पायऱ्या चढून स्टेजवर होते. माइक समोरच होता. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. पियानोपुढचं रिकामं स्टूल ओढलं, ड्रमांच्या शेजारी ठेवलं आणि लेकीजवळ बसून राहिले. जाऊ देत सगळे. एक जण तरी असावा.

भुवनानं त्यांना पाहिलं. डोळे मोठे झाले, पण हात थांबले नाहीत.

बंडप्पांनी आता समोर मान वर केली. आणि बघतात तर काय, थेटर गच्च भरलेलं. खाली, वर बाल्कनीत, कुणीही हललेलं नाही, सगळे श्वास रोखून पोरीचं वाजवणं ऐकतायत. विंगेत अमरनाथ आणि बाकीचे दोघं उभे राहून खुशीत माना हलवतायत. अख्ख्या थेटरात जागेवरून उठलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे बंडप्पा. त्यांना वाटलं, फळी फाटावी आणि आपण सरळ खाली जावं.

ती थांबली तेव्हा टाळ्यांनी छताचे पत्रे हादरले. त्या गोंधळात ती त्यांच्याकडं वाकली. "अप्पा, वर कशाला आलाव?"

"तुला एकटीला टाकून गेले की गं सगळे."

भुवनानं काठ्या मांडीवर ठेवल्या. "अवं, ते मुद्दाम जातेत. ती माझ्या एकटीची बारी असती. माझ्यासाठी जागा सोडतेत ते."

बंडप्पांनी मान खाली घातली. मग अगदी हळू विचारलं, "मग माझ्या आभाराला लोक जातेत, ते?"

तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. "ते कंटाळून जातेत, अप्पा."

इतक्या वर्षांत हे तोंडावर सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. बंडप्पा खो खो हसले. मग घाईनं उठून खाली जायला लागले, कारण पियानोवाला स्टूल मागायला आला होता. भुवनानं त्यांचा हात धरला. "कुठं निघालाव? बसा हितंच. अजून दोन हायेत." तिनं विंगेतून खुर्ची मागवली, आणि बंडप्पा शर्टाचं फाटकं टोक मांडीखाली दाबून शेवटपर्यंत तिथं बसले. एक शब्द बोलले नाहीत.

ही बातमी त्यांच्याआधी जळकोटात पोचली. सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर शरणबसप्पा आणि चार जण तयारच होते. "काय बंडप्पा, स्टेजवर होता म्हणं! काय करत होता?"

बंडप्पांनी शटर पूर्ण वर ढकललं. बोलायला भरपूर होतं आणि ऐकणारेही समोर होते.

"म्या काय न्हाय केलं," ते म्हणाले. "लेक ड्रम वाजवीत व्हती. म्या तिच्याजवळ बसलो व्हतो."