हाड जुळल्यानंतरचे आजारपण

मोडलेले हाड जुळले, जखम भरली, वेदना थांबली; तरीही माणूस आजारी असू शकतो का? या एका प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून देण्याचा हा प्रयत्न आहे.

मी मस्कतमधील एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवतो. शहरातल्या दार्सैत भागात घरासमोरचा रस्ता ओलांडताना एका गाडीने मला उडवले. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत सळी बसवली. काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले.

त्यानंतरही समोरच्या वाण्याकडे जायला मी टॅक्सी करत असे. ती वळसा घालून मला पलीकडे सोडी. त्यात काही विचित्र वाटत नव्हते. खरे तर कशाचेच काही वाटत नव्हते.

एका संध्याकाळी माझी मुलगी मीरा सायकलवरून पडली आणि तिचे कोपर फुटले. मी अंगणात खुर्चीवर होतो.

"बाबा, तू नुसता बघतोयस काय? आय ॲम ब्लीडिंग."

मला ऐकू आले. मी उठलो नाही.

तपासणीच्या वेळी ओमानी डॉक्टर आधी खुशाली विचारत. येथे त्यावर "तमाम, अल्हम्दुलिल्ला", म्हणजे सारे उत्तम, असे म्हणण्याची रीत आहे. मी ती पाळी. मग ते वेदनेला दहापैकी गुण द्यायला सांगत. मी शून्य देई. ते अचूक होते.

मीरा पडल्यानंतरच्या खेपेस माझी पत्नी सुनंदा मध्येच हिंदीत बोलली; येथे अनेकांना ती समजते. "डॉक्टरसाब, ये सबको तमाम बोलते हैं. बच्ची का खून निकला, तब भी बैठे रहे."

डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्या बाईंनी निदान सांगितले: पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. संकट सरल्यावरही मन त्याच क्षणापाशी अडकून राहते. माझ्यात त्याचे एक लक्षण ठळक होते, इमोशनल नंबिंग, म्हणजे भावना बधिर होणे. "पायाला व्यायाम दिला, तसाच मनालाही देऊ," त्या म्हणाल्या.

व्यायाम साधा होता. प्रथम रस्त्याच्या कडेला केवळ उभे राहायचे. पुढे कोणाच्या तरी सोबतीने ओलांडायचे. मीराने माझा हात धरला.

"बाबा, इतका टाइट नको ना धरू."

मला भीती वाटत होती. इतक्या महिन्यांत मला काही वाटले, ते हेच पहिले. पलीकडे पोहोचल्यावर मी तिचे कोपर पाहिले. तेथे फक्त वण उरला होता.

माझ्यापुरते उत्तर 'होय' आहे. परंतु ते एकाच माणसाचे उत्तर आहे. आपल्या घरी कोणी अपघातातून उठले असेल, तर 'बरा आहे' एवढ्यावर थांबू नका. त्याच्याजवळ बसून पाहा, डॉक्टरांना विचारा आणि मी लिहिले ते खरे आहे का, हे कृपया स्वतः पडताळून घ्या.