आमच्या किचनमधला उपास

मंडळी, लॅबच्या कॉम्प्युटरवरून आपल्या ग्रुपला लिहितोय. दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या अपार्टमेंटमध्ये मी, मिलिंद आणि युगांडाचा जोसेफ असे तिघे राहतो. जोसेफचा भाऊ तिकडे एड्सनं गेला. तेव्हापासून मिलिंद आपला ग्लास खोलीत वेगळा ठेवतो.

आज जोसेफनं सगळ्यांसाठी भात केला, मासे तळले. मिलिंद म्हणाला, "सॉरी यार, माझा उपास आहे." सकाळीच त्यानं ऑम्लेट खाल्लं होतं!

जोसेफ शांतपणे म्हणाला, "माझी वहिनी गावात असेच मासे विकते. भाऊ गेल्यापासून तिच्या गिऱ्हाइकांनाही भूक नसते. मुलांना शाळेतून काढावं लागलं."

मी मुद्दाम जेवायला बसलो. तेवढ्यात त्याच्या बोटावरची पट्टी दिसली.

"सुरी लागली का रे?"

"नाही, तेल उडालं."

माझा विश्वास बसेना. जेवणातून हा रोग होत नाही, हे मी स्वतः वाचलंय. तरी मी नुसता भातच खाल्ला. जोसेफनं मासे डब्यात भरले.

आता त्या गावाला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू? तुम्ही खाल्ले असते का ते मासे? खरं सांगा.